खाटेवरचा डोळा

बालिगे, ३ फेब्रुवारी

एडा तिउर्मा,

होरास. पत्र बघून दचकली असशील. हाताशी फोन असताना कागद-पाकिटाचा खटाटोप कोण करतं? मी करतेय, आणि तोही घरात बसून नाही, बाजारातल्या कॉफीच्या टपरीवर. का ते पुढे कळेल. नणंदेने आणि भावजयीने एकमेकींना ‘एडा’ ही एकच हाक मारायची, ही आपल्या पूर्वजांनी चांगली सोय करून ठेवलीये. भांडायला आणि रडायला वेगवेगळी माणसं शोधावी लागत नाहीत.

तुझ्या भावाने नाताळाच्या तोंडावर ‘मातारुमा’ची एजन्सी घेतली, हे तुला ठाऊकच आहे. मुठीएवढा पांढरा गोळा, मधोमध काळी काच. इथे सगळे त्याला डोळाच म्हणतात. म्हाताऱ्यांच्या खाटेवर भिंतीला ठोकायचा, वायर लावून ठेवायची. जाकार्ताला नाहीतर तुमच्या बातामला असलेली पोरं फोनवर आई-बापांना बघतात, बोलतात. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर चालतो, आणि आपल्याकडे वीज काय, पाहुण्यासारखी येते. दुकानात मारुदुतचं एकच पालुपद: “तळाचा सरकारी शिक्का बघा! बातामला ह्या वस्तू तपासून पास करते ती माझी सख्खी बहीण!” शिक्का कोणी बघत नाही गं. तुझं नाव ऐकतात आणि घेऊन जातात. तुझ्या हातची लापेट खाल्लेल्या बायका, त्या काय प्रश्न विचारणार?

एक आपल्या आईच्या खाटेवरही लागला. मला बरंच वाटलं होतं. बाजारात गेले तरी फोनवर ती दिसायची.

गेल्या मंगळवारी दुपारी आई जेवून पडली होती, मी मागावर होते. एकदम पुरुषाचा आवाज आला, “आजी, कूस बदला.” आपल्या भाषेत नाही. जाकार्ताची माणसं बोलतात तसं, घोळून घोळून. आणि आईने “हो रे बाबा” म्हणत कूस बदललीसुद्धा! मी ओरडले, “कोण आहे?” काही नाही. नुसता श्वास. मग तोही बंद.

दुकानात फोन केला तर तुझा भाऊ हसला. म्हणाला, शेजाऱ्यांचा रेडिओ असेल.

गुरुवारी मी पुन्हा मागावर बसले. लाल सूत लावलं होतं. तोच आवाज, अगदी मऊ: “लाल रंग छान दिसतोय.”

एडा, माझ्या हातातला धोटा खाली पडला. तेव्हापासून त्या खोलीत मी लुगडं सावरूनसुद्धा बसत नाही, उभीच राहते. आईचं म्हणणं, बाबा आलेत. मी म्हटलं, बाबांना जन्मात दोन वाक्यं शुद्ध बोलता आली नाहीत. तर म्हणते, “मेल्यावर सगळ्या भाषा येतात.”

तो डोळा माझ्या फोनलाही जोडलाय. म्हणजे फोनही ऐकत असेल का? मला काही कळत नाही, म्हणून हा कागद. तू तपासलायस ना? मग सांग, आत कोण आहे?

तुझी,
रोसिंता

*

बाताम, १२ फेब्रुवारी

प्रिय एडा,

आत कोणी नाही. बाबा तर नाहीतच. ते असते तर लाल सुताचं कौतुक करण्याआधी ताडी मागितली असती.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की हेंद्रोसाहेब डोकावून गेले. रागावू नकोस. कारण अगदी साधं आहे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक किल्ली असते, पासवर्ड. नियम असा की प्रत्येक नगाची किल्ली वेगळी हवी. आमच्याकडे जे नमुने आले त्यांची होती, नसती तर मी पास केलेच नसते. दादाने गिऱ्हाइकांची कटकट नको म्हणून सगळ्यांना एकच घालून दिली असणार. मग काय, अख्ख्या गावाच्या दारांना एकच कुलूप. कुणीतरी रिकामटेकडा शिरलाय. दादाला म्हणावं, आजच्या आज बदल.

आणि वस्तूची भीती मनातून काढ. माझं कामच मुळी वस्तूंना मारायचं आहे. तो डोळा मी भट्टीत भाजलाय, उंचावरून आपटलाय, त्याच्या बॅटरीची दोन टोकं जोडून बघितलीयेत, पोट भरल्यावरही तिच्यात वीज कोंबलीये. ह्याच्यासाठी आमच्याकडे जाड सिमेंटची खोली आहे, काचेआडून बघायचं. भल्याभल्या कंपन्यांचा माल त्या खोलीत पेटतो. हा नाही पेटला. ठरल्या क्षणी आतली पट्टी वीज तोडते आणि तो मुकाट थंड होतो. माझ्या हातून पास झालेल्या वस्तूखाली आई झोपलीये, ह्याचं मला बरं वाटतं.

तरी तुला तो बघतोय असं वाटत असेल, तर चढव त्याच्या डोक्यावर एक टोपडं! तुझ्याकडे चिंध्यांना काय तोटा? कुणी बातामला येणारं असेल तर दुकानातला एक नग माझ्याकडे पाठव. किल्लीचं काय गौडबंगाल आहे ते उघडून बघते.

आईला सांग, इथे अँडालिमान मिरं मिळतं पण जिभेला मुंग्या येत नाहीत. पाठव.

तुझी,
तिउर्मा

*

बालिगे, २४ फेब्रुवारी

एडा,

तू हसलीस ते बरं केलंस. मलाही जरा हसू आलं, नाहीतर आठवडाभर माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

किल्ली बदलली. आवाज पुन्हा आला नाही. पण तुझा भाऊ शपथेवर सांगतो की त्याने काहीच केलं नव्हतं, कारखान्यातूनच सगळ्यांना एक किल्ली आलीये. खरं-खोटं देव जाणे. माझी भीती काही गेली नाही, म्हणून फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. लागला तर शेजारणीचा आहे.

आणि तुझं टोपडं! अगं, ते भलतंच गाजलं. मागावरच्या उलोस-कापडाच्या उरलेल्या पट्ट्या होत्या, त्यांचं दुहेरी शिवलं. आवाजही जाऊ नये म्हणून मध्ये शेवरीचा कापूस भरला. छोट्या उशीसारखं दिसतं. आईला इतकं आवडलं की आल्यागेल्याला दाखवते. मग काय, चर्चमधल्या बायका मागे लागल्या. त्यांनीही आवाजाचं ऐकलं होतं ना. कुणी हिरवं मागतं, कुणी झालर लावून. आता निम्म्या गावाच्या डोळ्यांना मी टोपडी घातलीयेत.

ओप्पुंग लिबेर स्वतः काठी टेकत आला. त्याची लेक दुमा जाकार्ताहून दिवसभर त्याच्यावर नजर ठेवते. “बापू, बिडी विझवा. बापू, औषध घेतलंत का?” म्हातारा म्हणाला, “मुलगी आहे का फौजदार? जाडजूड शिव, माझा खोकलासुद्धा तिला ऐकू जाता कामा नये. संध्याकाळी तिची फोनची वेळ झाली की मी काढीन टोपडं, शहाण्यासारखा बसेन.” मी म्हटलं, पोरगी काळजी करते. तर म्हणतो, “काळजी असेल तर ये म्हणावं. डोळा पाठवून काय उपयोग, हात पाठव.” बोलला आणि मग उगाचच खिसे चाचपत बसला.

थंडी फार आहे. सकाळी आई टोपड्याखाली हात घालून बसते. म्हणते कोंबडीखालच्या अंड्यासारखं ऊबदार लागतं.

दुकानातला एक नग होत्माच्या हाती देतेय, ती रजा संपवून परत तुमच्याकडे कारखान्यात निघालीये. नमुन्याला एक टोपडंही घातलंय, काठ बघ. आईच्या लग्नातल्या उलोसचा आहे. अँडालिमानची पुडी वेगळी. वास उडू देऊ नकोस.

तुझी,
रोसिंता

*

बाताम, ८ मार्च

रोसिंता,

आधी ऊठ. भिंतीतली वायर काढ. टोपडं काढ. डोळा खिळ्यावरून उतरव आणि अंगणात, घरापासून लांब, मातीवर ठेव. पाण्यात टाकू नकोस, ठोकू नकोस, उघडू नकोस. पाद्रीबुवा दारात असतील तर त्यांनाही हेच करायला सांग, मग त्यांना कॉफी विचार.

झालं? आता बस आणि वाच.

मी किल्ली बघायला म्हणून तो नग उघडला. तळाला आमचाच शिक्का, आमचाच क्रमांक. मी ज्या वस्तूवर सही केली, तिचाच. आणि आत दुसरीच वस्तू. आम्हाला दाखवलेल्या बॅटरीवर नाव होतं, डोक्यावर नखाएवढी पट्टी होती. पोट भरलं किंवा अंग तापलं की ती पट्टी वीज तोडते. ह्यात करड्या वेष्टनाची निनावी बॅटरी आहे. पट्टीच्या जागी वाळलेला गोंद. नुसता गोंद, एडा. आम्हाला चांगला नमुना देऊन शिक्का घेतला आणि बाजारात हे पाठवलं. किल्लीचंही तसंच, सगळ्यांना एक. दादा खरं बोलत होता. तो आवाज कोणाचा, हे आपल्याला कधी कळेल असं वाटत नाही. ज्याच्याकडे एक डोळा आहे त्याला सगळ्यांच्या घरात शिरता येतं.

मग मी तो सिमेंटच्या खोलीत चार्जरला लावला, तू घातलेलं टोपडं तसंच ठेवून. काचेआडून बघत बसले. बराच वेळ काही नाही. मग टोपडं हळूच वर उचललं गेलं, कुणी आतून श्वास घ्यावा तसं. बॅटरी फुगत होती. मग शिट्टी. बारीक, किटलीसारखी. त्यानंतर जे झालं ते मी इथे शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या पेटणाऱ्या काठावर आईच्या लग्नाची नक्षी कधी पाहिली नव्हती.  

“चढव एक टोपडं” हे मी लिहिलं होतं. गमतीत. तू त्यात कापूस भरलास, कारण तू कुठलंही काम अर्धवट करत नाहीस. त्या अंड्याची ऊब वाचली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी त्यावरही हसले होते.

तुझा फोन लागत नाही. तांदळातून काढ. शेजारणीचा नंबर माझ्याकडे नाही. दादाला लावला. सगळं ऐकून म्हणाला, “तूच पास केलंस, आता तूच धंद्यावर नांगर फिरवतेस? चार दिवसांनी आठवड्याचा बाजार आहे, माल भरलाय.” मी ओरडले, त्याने ठेवला. आता उचलत नाही. चर्चच्या कचेरीत सांगितलं, ते म्हणाले, “मारुदुत तर काही बोलला नाही, त्याला विचारून बघतो.” पाद्रीबुवा उद्या सकाळच्या विमानाने सिलांगीतला उतरतायत, म्हणून हे त्यांच्या हाती.

घरोघर जा. दादासाठी थांबू नकोस. आधी ओप्पुंग लिबेरकडे जा, त्याचं टोपडं सगळ्यात जाड.

तिउर्मा

*

बालिगे, १७ मार्च

तिउर्मा,

तुझं पत्र मला रविवारी दुपारी मिळालं. इस्पितळाच्या व्हरांड्यात. नीट सांगते.

पाद्रीबुवा विमानतळावरून येताना वाटेत दुकानात थांबले आणि पत्र तुझ्या भावाला देऊन गेले. घरचंच माणूस म्हणून. मला त्याने सांगितलं नाही.

रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये. आईला गुडघ्यामुळे घरी ठेवलं होतं. ओप्पुंग लिबेरही पायामुळे घरीच. दुसरं स्तोत्र चालू होतं आणि मारुदुतच्या खिशात फोन थरथरायला लागला. त्याने काढून बघितला. दुमाचं नाव. त्याने तो उचलला नाही, एडा. नाव बघितलं आणि बाकावरून उडी मारून पळत सुटला. मला वाटलं, पोट बिघडलं. शेजारची बाई हसलीसुद्धा. मग बाहेरून कुणीतरी धूर, धूर म्हणून ओरडलं.

आम्ही पोचलो तेव्हा मच्छरदाणी संपली होती, गादी जळत होती. तुझा भाऊ म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन बाहेर येत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेत. म्हातारा शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, “टोपडं काढायला गेलो गं. शिट्टी वाजली म्हणून. वाटलं, दुमा बोलावतेय.”

दुमाने ते सगळं जाकार्तात बसून ऐकलं. दिसत काहीच नव्हतं. शिट्टी ऐकली, बापाचा खोकला ऐकला, मग तिने इथल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. आणि बाकीचे आम्ही सगळे फोन बंद करून देवाचं गाणं म्हणत होतो.

इस्पितळात मारुदुतच्या हातांना पट्ट्या बांधत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझ्या खिशात पत्र आहे. काढ.” ओलं झालं होतं, धुराचा वास येत होता. वाचलं: ‘आधी ऊठ. भिंतीतली वायर काढ.’ मी तशीच पळत सुटले. आई एकटी होती ना! चप्पल कुठे गेली कळलं नाही. चिखलातून पळताना डोळ्यांपुढे एकच, आई टोपड्याखाली हात घालून बसलीये.

घरात शिरले. आई भात निवडत बसली होती. खाटेवर नुसता खिळा. मी त्या भिंतीकडे बघायचंच सोडलं होतं.

“आई, डोळा कुठाय?”

“मारुदुतने नेला की परवा. दुरुस्तीला नेतो म्हणाला. अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलाय बघ, मातीत.”

मी अंगणात जाऊन बघितलं. तू लिहिलं होतंस अगदी तसं ठेवलं होतं त्याने. घरापासून लांब, मातीवर. आपल्या आईचा काढला. लोकांच्या आईबापांचे तसेच ठेवले, बाजार होईपर्यंत. दुमाचं नाव बघून फोन न उचलताच तो का धावला, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्याला विचारलं. म्हणाला, “सोमवारचा बाजार झाला की सांगणार होतो सगळ्यांना. देवाशप्पथ.” मी म्हटलं, “देवाचं नाव तू घेऊ नकोस.” तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. त्याच्या हातांकडे बघून कीव येते, तोंडाकडे बघून राग येतो. मी त्याला चमच्याने भात भरवते.

त्याच दिवशी मी आणि शेजारणी मिळून बालिगेतल्या दिसतील तेवढ्या घरांतल्या वायरी उपटल्या. पण सरोवराकाठच्या गावांत किती गेलेत, ते तोच जाणे.

ओप्पुंग लिबेरची छाती धुराने भरलीये. विचारलं की डॉक्टर चष्मा पुसतात. मला फार भीती वाटते, एडा. ती टोपडी मी शिवलीयेत.

रोसिंता

*

बाताम, २६ मार्च

प्रिय एडा,

ओप्पुंग गेल्याचं दुमाने मला फोनवर सांगितलं. एवढंच म्हणाली, “तुम्हीच ना त्या तपासणाऱ्या?” आणि ठेवला. 

तुला हे कुणाकडून तरी कळायच्या आत मी सांगते. कंपनीची माणसं इथे येऊन गेली. त्यांचं म्हणणं, वस्तूत दोष नाही, गावातल्या बाईने कापूस भरून टोपडी शिवली म्हणून आग लागली. तिकडेही ते हेच सांगत फिरतील. कदाचित दुमापर्यंत पोचलेही असतील.

हेंद्रोसाहेबांनी मला आत बोलावलं. आवाज चढवत नाहीत ते, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, “तिउर्मा, वापरणाऱ्याची चूक, एवढंच लिहायचंय. खोटंही नाही. टोपडं होतंच की.”

मी म्हटलं, “साहेब, टोपड्याशिवायही लावून बघते.”

“कशाला?”

“आपलं कामच आहे ना ते.”

होत्माच्या मैत्रिणींनी इथल्या बाजारातून विकत घेतलेले दोन नग मिळाले. एकाला काही न घालता, उघडा, चार्जरला लावला. टोपडं घातलेल्यापेक्षा उशिरा, पण तोही फुगला आणि पेटला. मग आमच्या कपाटात जपून ठेवलेला मूळ नमुना काढला, ज्यावर माझी सही आहे तो, आणि त्याला तुझ्यासारखंच कापसाचं टोपडं शिवून घातलं. माझी शिवण बघितलीस तर हसशील. तो दिवसभर राहिला. तापला, वीज तोडली, थंड झाला. पुन्हा तापला, पुन्हा थंड झाला. दुसऱ्या दिवशीही तसाच. म्हणजे तुझं टोपडं त्याने सोसलं असतं. निनावी बॅटरीने ते सोसलं नाही, आणि टोपडं नसतं तरी आज ना उद्या ती पेटलीच असती.

हे सगळं, चित्रफितींसकट, मी माझ्या नावाने सरकारी कचेरीत दिलं. त्यात हेही लिहिलं की डोळा झाकायचा सल्ला माझा होता. हेंद्रोसाहेबांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं आणि सांगेन तोवर येऊ नका म्हणाले. त्यांनी दरवाजा माझ्यासाठी स्वतः उघडून धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता.

काल खोलीखाली दोन माणसं मोटारसायकल लावून बराच वेळ उभी होती. शेजारणीचे पाहुणेही असतील. मी दिवा न लावता भात खाल्ला.

आता डोळे गोळा करायचे, ते कसे ते ऐक. एकावर एक रचायचे नाहीत. गाडीच्या डिकीत ढीग करायचा नाही, एक पेटला की सगळे पेटतात. रेतीने भरलेल्या डब्यात एकेक, सुटा. फुगलेला दिसला तर हात लावायचा नाही, माणसं बाहेर काढायची आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं.

आणि हे दादाला वाचून दाखव: दादा, तुला शिव्या द्यायला मला पुढचं अख्खं आयुष्य आहे. आत्ता ऊठ. कुणाला विकलेस ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तुझी,
तिउर्मा

*

बालिगे, १६ एप्रिल

एडा,

तुझ्या पत्राआधीच दुमा दारात आली होती. हातात टोपडं होतं, अर्धं जळलेलं. आत ये म्हटलं तर आली नाही.

“हे तुम्ही शिवलंत?”

“हो.”

“मला काही दिसत नव्हतं,” ती म्हणाली. “बापू खोकत होते आणि मला नुसता अंधार दिसत होता. तुमच्या कापडाचा अंधार.”

कंपनीची माणसं तिला भेटून गेली होती. गावातही तेच चाललं होतं. बाजारात माझ्याशेजारी कुणी बसेना. ज्यांनी झालरीची टोपडी मागून नेली होती, त्यांनी ती माझ्या अंगणात आणून टाकली. हे मी तुला कळवलं नव्हतं. तू तिथे एकटी, त्यात हे कशाला?

बोलली ती आई. आतून काठी आपटत आली आणि म्हणाली, “पोरी, माझ्याही खाटेवर तेच होतं. ते माझ्या मुलाने आणलं, माझ्या मुलीने पास केलं, माझ्या सुनेने झाकलं. मी जिवंत आहे आणि तुझा बाप गेला. मार कुणाला मारायचं त्याला, पण बसून मार. उभ्याने दमशील.” दुमा बसली. आणि जी रडायला लागली, ती आम्ही दोघी मिळूनही थांबवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी ते तिच्या घरी नेलं आणि तिच्यापुढे वाचलं. उघडा ठेवलेलाही पेटला, हे तिने मला दोनदा वाचायला लावलं.

लांबची माणसं यायची म्हणून थांबलेला अंत्यविधी मग झाला. नातवंडं असलेला म्हातारा गेला की आपण वाजतगाजत, नाचत पोचवतो. गोन्दांगचे ढोल वाजले, पण पाय कुणाचे उचलले नाहीत. मी उलोस नेलं होतं. द्यावं की नाही, कळत नव्हतं. रांगेत मागेच थांबले. नातं नसताना दुमाने हाक मारली, “एडा, पुढे या.” मी ते ओप्पुंगवर पांघरलं आणि माघारी आले. आमच्यात एवढंच झालं. सगळं मिटलं असं नाही.

तुझा निरोप वाचून दाखवल्यावर तुझा भाऊ दुसऱ्या दिवशी उठला. पट्ट्या बांधलेले हात, स्टिअरिंग धरता येत नाही, म्हणून दुमाचा नवरा गाडी चालवतो.  मारुदुत घरोघर जातो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, “मी विकलेला डोळा परत द्या. त्यात दोष आहे. मला आधी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही.” हे शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगितलेलं नाही. पोरसेयात एकाने अंगावर कुत्रं सोडलं. एका घरात पाळण्यावर टांगलेला सापडला, पोट फुगून टरबुजासारखा झालेला. बाळ आत झोपलेलं. तो पट्ट्यांच्या हातांत बाळ कवटाळून बाहेर आला आणि घरच्यांना हाका मारत सुटला.

सरकारी माणसं आली, दुकानातला माल सील केला. शिक्का रद्द झाल्याचं रेडिओवरही सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. आईला राग आला. म्हणते, पास केलं तेव्हा गावभर नाव, आता का नाही?

आता मी जे सांगायला बसलेय ते.

एक सापडत नाही.

तुझा भाऊ पुन्हा पुन्हा आठवतो. नाताळाआधीच्या बाजारात, गर्दीत, एक बाई होडीतून उतरून आली होती. पलीकडच्या तीरावरची. “माझ्या जावेसाठी हवाय, तिला दिसत नाही,” म्हणाली. नाव विचारलं नाही. चेहरा विचारला तर म्हणतो, पान खाऊन दात लाल झालेले. सरोवराकाठच्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात तसेच आहेत. आम्ही होडीने दोन खेपा केल्या. धक्क्यावर, चर्चांत, शाळांत सांगितलं. दुमाने जाकार्ताला परत जायचं लांबवलंय, ती आमच्याबरोबर येते. एका गावात सांगितलं, आंधळी म्हातारी होती, पण लेकाने तिला वरच्या डोंगरात नेलं. डोंगरात गेलो, तर ती वेगळीच निघाली. तिच्याकडे डोळा नव्हता. तरी आम्हाला जेवू घातलं.

तू ये, एडा. नोकरी राहिली असेल-नसेल, ये. इथे तुला कुणी काही बोलणार नाही असं खोटं सांगत नाही. बोलतील. पण आई रोज विचारते, आणि बॅटरीबद्दल लोक विचारतात तेव्हा मला तुझ्यासारखं सांगता येत नाही.

संध्याकाळ झाली की मी हल्ली मागावर बसत नाही. धक्क्यावर जाते. मारुदुत आधीच तिथे असतो.  पलीकडच्या काठावर एकेक दिवा लागायला लागतो, पाण्याच्या कडेला, मग वर डोंगरात. त्यातल्या एका दिव्याखाली कुणीतरी न दिसणारी बाई झोपायची तयारी करतेय आणि तिच्या डोक्यावर ते चार्ज होतंय.

आम्ही नुसते बघत उभे असतो, एखादा दिवा मोठा होतोय का.

रोसिंता